डाव्या कानाची खाच

प्रांजलीची बोटं एका जागी राहत नाहीत, ही तिच्या आईची जुनी तक्रार. लहानपणी जेवताना घोंगड्याचे धागे उसकायची, एसटीत बसली की सीटचं फाटलेलं रेक्झिन सोलत बसायची. "हिच्या बोटांत देवानं मुंग्या सोडल्यात," असं आक्काबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आता त्याच मुंग्यांवर मायलेकींचं पोट चाललं होतं.

गारखेड्यात पिठाच्या गिरणीला लागून शटरची एक खोली. पुढं मशीन, मागं गॅस, मधे पडदा. भिंतीभर खिळे आणि खिळ्यांना लटकलेल्या जुन्या पर्सा. चेन गेलेल्या, बंद तुटलेल्या, पोटात कुणाच्या तरी पावडरचा वास कोंडून बसलेल्या. रविवारी जाफर गेटच्या बाजारात ताडपत्रीवर असल्या पर्सांचे ढीग पडतात. कुणाच्या वारलेल्या सासूची, कुणा बदलीवर गेलेल्या मॅडमची, कुणी नवऱ्याशी भांडून माहेरी निघताना मागं टाकलेली. प्रांजली त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायची आणि वासावरून, वजनावरून पर्स उचलायची. घरी आणून टाके उसवायचे, मेलेलं चामडं काढून टाकायचं, जितं ठेवायचं, आणि मग त्या जित्याला काय पाहिजे ते बघायचं. कुणाला हिमरूच्या विरलेल्या, जरीच्या शालीचा तुकडा लागायचा, कुणाला आक्काबाईनं चातीवर कातलेल्या काळ्या लोकरीचा पट्टा, कुणाला मोडक्या पेटीचं पितळ. एकीसारखी दुसरी बॅग कधी झाली नाही. होणार कशी? एकीसारखी दुसरी झिजलेलीच नसते.

पाहुण्यारावळ्यांत मात्र तिचं नाव झालं ते वेगळ्याच कारणानं. "धनगराची पोर आन् चामडं शिवती." ठरत आलेली सोयरीक ह्या एका वाक्यावर मोडली. बोकड कापून त्याच्या रश्श्यात भाकरी कुस्करणाऱ्यांना चामड्याचा विटाळ होतो, हे आपल्याकडचं नवल. पायात चामडं चालतं. ढोलाला चामडं चालतं, त्याच ढोलापुढं अंगातही येतं. सुई लावली की जात बाटते. प्रांजलीनं एकदा एका मावशीला तोंडावर विचारलं, "मावशे, तुझ्या पायातली चप्पल काय झाडाला लागली व्हती?" तेव्हापासून मावशी घरी फिरकली नाही. बरंच झालं.

बाप मुंजाबा अजून मेंढरांमागं होता, गंगापूरच्या पुढं, गोदाकाठच्या रानात. त्याच्या कळपाची खूण डाव्या कानाला. खालच्या कडेला तिकोनी खाच. कोकरानं जरा अंग धरलं की मुंजाबा त्याचा कान चिमटीत पकडायचा, एका दमात खाच पाडायचा आणि वर हळद दाबायचा. दहा जणांचे कळप एकाच ओढ्यावर उतरतात, तिथं आपलं मेंढरू ओळखायला दुसरा दाखला नसतो. प्रांजलीनं बॅगा करायला घेतल्या तेव्हा कुणीतरी सांगितलं, नावाची लेबलं छापून घे. तिनं ब्लेड घेतलं आणि झाकणाच्या डाव्या कडेला बापाची तिकोनी खाच पाडली. तेव्हापासून एकही बॅग खाचेशिवाय उंबऱ्याबाहेर पडली नाही.

आणि भंडाऱ्याशिवाय. ही आक्काबाईची भानगड. रिकामी पिशवी कुणाच्या हातात द्यायची नसते, हा तिचा नेम. तळाचा शेवटचा टाका पडायच्या आधी ती अस्तर आणि चामड्याच्या मधे खंडोबाच्या भंडाऱ्याची चिमूट सोडायची आणि म्हणायची, "जा बाई, भरल्या पोटानं जा."

ह्या बॅगा विकायची मनस्विनी. क्रांती चौकाजवळ तिचं बुटिक. पणजोबा पूजा सांगायचे, आजोबा कचेरीत कारकून, ती स्वतः पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी करून परत आलेली. बाई वाईट नव्हती, हीच तर पंचाईत. वाईट माणसाला दोन शिव्या हासडून मोकळं होता येतं. ही हसून बोलायची, स्वतःच्याच कपातला चहा पुढं करायची, "अगं, तू कलाकार आहेस" म्हणायची, पैसे रोख हातात ठेवायची आणि बॅगेला स्वतःच्या नावाचं लेबल अडकवायची. प्रांजलीनं ते चालवून घेतलं होतं. लेबल काय, दोऱ्यानं लटकतं, उद्या गळून पडेल. खाच चामड्यात आहे.

एकदा मात्र वाजलं. कुठल्याशा लग्नात एका बाईच्या पांढऱ्या साडीला बॅगेतून पिवळा डाग लागला.

"हळद भरतेस तू बॅगेत?" मनस्विनी भर दुकानात ओरडली. "बॅगा विकतो आपण, मसाले नाही!"

"भंडारा हाय तो, ताई."

"काहीही असू दे. परत दिसला तर तुझी एकही बॅग घेणार नाही."

प्रांजलीनं घरी येऊन आईला बजावलं. आक्काबाईनं चाती फिरवता फिरवता ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाली. आक्काबाईच्या "बरं"चा अर्थ आक्काबाईलाच ठाऊक असतो.

मग ती काळी पर्स आली. डब्यासारखी चौकोनी, वर पितळेची टिचकीनं बंद होणारी कडी, एके काळी बायका पिक्चरला नेत तसली. आत जुन्या दुकानाचा शिक्का, शहराच्या जुन्या नावासकट. झाकण उन्हानं तडकलेलं, बाकी चामडं इतकं मऊ की प्रांजलीनं भर बाजारात ते गालाला लावून पाहिलं.

त्या पर्सनं तिची झोप आणि जेवण दोन्ही नासवलं. कापायला घ्यायची, ठेवून द्यायची. शटर वर करायची, गिरणीपर्यंत जाऊन यायची, खाली बसायची, पुन्हा उठायची. झाकण टाकून द्यावं तर पर्सचा चेहराच जात होता, ठेवावं तर भेगाळलेला चेहरा कोण विकत घेणार?

"अडलेली म्हस बी एवढ्या येरझारा घालीत नाय," आक्काबाई म्हणाली. "काप नायतर भंगारवाल्याला दे. माझं डोकं फिरायलंय तुझ्याकडं बघून."

शेवटी एका दुपारी लाईट गेली, गिरणी बंद पडली, गल्लीत एकदम शांत झालं. त्या शांततेत प्रांजलीनं ब्लेड उचललं आणि झाकणावर जसे तडे गेले होते तसेच ते उघडे कापत गेली. खाली हिमरू बसवलं. काळ्या चामड्यातून वाकडीतिकडी जर चमकायला लागली, उन्हाळ्यात फाटलेल्या रानात ओढ्याचं पाणी दिसावं तशी. वरून काळ्या लोकरीचा पट्टा. डाव्या कडेला खाच. काम संपल्यावर ती बॅगेकडं बघत इतका वेळ बसली की चहावर साय धरली.

ती बॅग तिला विकायची नव्हती. पण मनस्विनीनं सांगितलं, जालना रोडच्या मोठ्या हॉटेलात प्रदर्शन आहे, पुण्याहून चारुताताई म्हणून येणार आहेत, हातानं केलेल्या वस्तूंचं दुकान आहे त्यांचं. त्या इथून एकच करणारी निवडणार. आणि त्यांच्या दुकानात वस्तूवर करणाऱ्याचं नाव असतं, विकणाऱ्याचं नाही.

हे शेवटचं वाक्य प्रांजलीच्या कानात अडकून बसलं. तिनं बॅग दिली, नेहमीसारखे पैसे घेतले.

"माझं नाव सांगाल ना, ताई?"

"सांगते गं. तू तिथं येऊन काय करणार? गर्दी असते, सगळी इंग्रजी बोलणारी माणसं."

प्रदर्शनाच्या दिवशी सकाळपासून तिनं एक टाका सरळ घातला नाही. सुई बोटात गेली, दोरा तुटला, फोन उलटा ठेवला, सुलटा केला. कुणाचाच फोन आला नाही. दुपार कलली तशी ती उठली आणि ओढणी खांद्यावर टाकली.

"कुठं निघालीस?"

"बघून येते."

"म्या बी येते. मोठं हाटेल कसं असतंय ते कळू दे मला."

हॉटेलच्या हॉलमध्ये एवढा गारवा होता की आक्काबाईनं पदर कानावरून घेतला. पांढऱ्या कापडाची टेबलं, अत्तरांचे वास, काचेचं झुंबर. मनस्विनीच्या टेबलावर ती काळी बॅग मधोमध, वरून दिव्याचा झोत. पिकलेले केस बारीक कापलेली, गळ्यात चष्मा लटकवलेली एक बाई ती हातात घेऊन उभी होती. ह्याच चारुताताई. मनस्विनी त्यांना सांगत होती,

"माझ्या आजीची पर्स आहे ही. ह्या तड्यांचं काय करावं सुचेना मला. झोप नाही, जेवण नाही, नुसत्या येरझारा. मग एक दिवस वाटलं, झाकायचे कशाला? उघडे करू."

प्रांजली जागच्या जागी थांबली. बॅग नेली ती नेली, ह्या बाईनं येरझारासुद्धा नेल्या होत्या. चहा पिता पिता आपणच सांगितलेलं सगळं.

तरी तिची नजर गेली बॅगेवर. काहीतरी चुकत होतं. झाकण कडीपर्यंत नीट पोचत नव्हतं. डाव्या कडेला मशीननं मारलेला बारीक गोट होता, सरळ, गुळगुळीत. खाच नव्हती. अख्खी कडच छाटून टाकली होती.

कान कापला होता.

मेंढरू चोरणारा पहिलं काम तेच करतो. खाचेच्या वरून कान छाटतो. प्रांजली लहान असताना मुंजाबाला बाजारात त्याचंच मेंढरू असं कानकापं सापडलं होतं. तो भांडत बसला नाही. लांब जाऊन त्यानं हाक मारली आणि मेंढरू चोराची दोरी ओढत त्याच्याकडं आलं. सगळ्या बाजारानं बघितलं. पण बॅग हाकेला येत नाही.

"ताई, कान कुठंय हिचा?"

मनस्विनी दचकली. मग हसली. "अगं, प्रांजली! ये ना. चारुताताई, ही माझ्याकडं शिलाईला असते."

"खाच कुठं गेली, विचारते मी."

"ती होय? अगं, कापलेलं वाटतं ते. लोक डिफेक्ट समजतात. मी फिनिशिंग करून घेतलं."

"आन् ही तुझ्या आजीची पर्स व्हय?" आक्काबाई मागून म्हणाली. "मंग तुझी आजी जाफर गेटच्या ताडपत्रीवर बसती का काय?"

शेजारच्या टेबलावरच्या दोघी फिसकन हसल्या. मनस्विनीचा चेहरा लाल झाला. ती प्रांजलीजवळ सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "तमाशा करू नकोस. तुला पैसे मिळालेत, पूर्ण. विकलेल्या वस्तूवर हक्क सांगतेस?"

ते खरं होतं. म्हणूनच जास्त झोंबलं.

"विकलं की मेंढरू तुमचं," प्रांजली मोठ्यानं म्हणाली, कारण हळू बोलणं तिला कधी जमलंच नाही. "तुम्ही तुमची खूण पाडा की, उजव्या कानाला, कोण नको म्हणतंय? पण आधीची खूण कापायची नसती. ती चोर कापतो."

चोर हा शब्द हॉलभर गेला. दाराशी उभा असलेला वॉचमन दोन पावलं पुढं आला.

"एक मिनिट, एक मिनिट," चारुताताई म्हणाल्या. "मला तुमच्या भांडणात पडायचं नाही. बॅग मला आवडली आहे. नाव कुणाचं लावू, एवढंच कळलं पाहिजे."

"कल्पना माझी, हात तिचा," मनस्विनी म्हणाली. "डिझायनर आणि कारागीर, सगळीकडं असंच असतं. टाका न् टाका माझ्यासमोर बसवून घालून घेतलाय."

"करताना काढलेले फोटो आहेत का कुणाकडं?"

प्रांजलीकडं नव्हते. हाताला सोल्युशन चिकटलेलं असताना फोन कोण धरतो? फोटो मनस्विनीकडं होते. तयार बॅगेचे, छान उजेडात काढलेले, एकाहून एक.

प्रांजलीची बोटं ओढणीचा काठ उसकायला लागली. आणि मग थांबली. तिनं आईकडं बघितलं. आक्काबाई वर झुंबर न्याहाळत होती.

"माय, हिच्यात टाकला व्हतास का?"

"काय?"

"माहितंय तुला काय. टाकला व्हतास का नाय?"

"मला काय इचारती? तूच तर बंदी घातली व्हती."

"माय!"

आक्काबाईनं झुंबरावरची नजर काढली नाही. "फाड की. बघ."

ब्लेड तिच्याजवळ कायम असायचं, काडेपेटीत घालून ओढणीच्या गाठीला. तिनं चारुताताईंच्या हातातून बॅग घेतली आणि टेबलावर उलटी केली.

"वेडी झालीस का?" मनस्विनीनं हात पुढं केला. "माझी बॅग आहे ती! अगं, दुसरी होणार नाही तशी!"

"ते मला सांगता?"

दुसरी होणार नव्हती, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? तसले तडे पुन्हा पडणार नव्हते, ती दुपार पुन्हा येणार नव्हती. आणि आई खरोखरच एकदा तरी पोरीचं ऐकून गप बसली असेल, तर आत काहीच निघणार नव्हतं. बॅग जाईल, नाव जाईल, वर भर हॉलात वेडी ठरू. बोटं मात्र आज पहिल्यांदाच स्थिर होती.

तिनं तळाला ब्लेड टेकवलं आणि ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलं.

चामडं उघडलं. आत राखाडी कॅनव्हास. बाकी काही नाही. शेजारची बाई "अरेरे" म्हणाली. प्रांजलीनं दोन्ही हातांनी बॅग धरली आणि गोणी झटकावी तशी झटकली.

पिवळाधमक भंडारा पांढऱ्या कापडावर सांडला. चिमूट कसली, मूठभर होता. टेबलावर पडला, मनस्विनीच्या लेबलांवर पडला, खाली गुळगुळीत फरशीवर पसरला. एसीच्या वाऱ्यानं वरचा उडाला आणि चारुताताईंच्या चष्म्यावर जाऊन बसला.

"टाका न् टाका तुमच्यासमोर पडला ना, ताई?" प्रांजली म्हणाली. "मंग हा आत कधी गेला?"

"आगं, आगं, पाय नका देऊ!" आक्काबाई खाली बसलीसुद्धा. "सरका मागं! देवाचा हाय!"

उंच टाचांच्या बायका पटापटा मागं सरल्या. आक्काबाईनं फरशीवरचा भंडारा दोन्ही तळव्यांनी गोळा केला, तोंडातल्या तोंडात येळकोट म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. सांडलेला भंडारा वाया घालवायचा नसतो, कपाळी लावायचा असतो. पहिलं बोट तिनं चारुताताईंच्या कपाळाला ओढलं. वॉचमननं टोपी काढून आपणच कपाळ पुढं केलं. मग आक्काबाई मनस्विनीसमोर उभी राहिली. मनस्विनीची मान आपसूक खाली झुकली. लहानपणापासूनची सवय, तिच्याही घरचं कुलदैवत तेच.

"खंडोबा तुझा बी हाय, माझा बी हाय," आक्काबाई तिच्या कपाळाला बोट लावत म्हणाली. "बॅग तेवढी हिची हाय."

मनस्विनीनं मान वर केली, पण कुणाकडं बघितलं नाही. कापडावरची लेबलं उचलून ती एक एक झटकायला लागली.

चारुताताईंनी चष्मा पुसला. डोळे चमकत होते त्यांचे. "अप्रतिम! तुम्ही प्रत्येक बॅगेत हे घालता? मग लपवता कशाला? बाहेरच्या बाजूला छोटी पारदर्शक थैली लावू. सोबत एक कार्ड, त्यावर तुमची गोष्ट. तुमचा फोटो, आईंचा फोटो. आई, तुम्ही घोंगडी घेऊन बसाल का? मेंढ्या असतील तर—"

प्रांजली ऐकत राहिली. ही बाई गोड होती, हुशार होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत दुसरा कान कापायला निघाली होती. पहिलीनं खूण छाटली, दुसरी ती मोठी करून दुकानाच्या दारात टांगणार.

"मॅडम, खाच दिसंल," ती म्हणाली. "भंडारा नाय दिसणार."

"पण मग लोकांना कळणार कसं?"

"लोकांना कळायचं काय कारण? रिकामी देऊ नये म्हणून घालतो आम्ही. दाखवायला नाय."

"अहो, पण हेच तर तुमचं वेगळेपण आहे."

"येगळेपण बॅगेत हाय. तडे बघितले ना तुम्ही? मंग झालं. नाव लावायचं तर माझं लावा, खाच ठेवा. माझ्या मायला मेंढ्यांसंगं उभी करून बॅग विकायची नाय मला."

चारुताताई जरा गोंधळल्या. मग पर्समधून कार्ड काढून पुढं धरलं. "विचार करा."

"माझा झाला. तुम्ही करा. गारखेड्यात गिरणीजवळ इचारा, कुणी बी सांगल."

कार्ड मात्र तिनं घेतलं. एवढी काही ती खुळी नव्हती.

मग टेबलाकडं वळून तिनं फाटलेली बॅग सरळ ठेवली, झाकणाची डावी कड चिमटीत धरली आणि मशीनच्या गुळगुळीत गोटावर तिकोनी खाच पाडली. पहिलीपेक्षा खोल. टेबलावरचा जरा भंडारा बोटावर घेऊन कापल्या जागी दाबला, बाप दाबायचा तसा.

"ही तुमची हाय, ताई, विकलेली. नेत नाय मी. फाडली म्या, शिवून बी म्याच देईन, घरी घेऊन या. पण खाच राहील."

"आता हिला घेणार कोण?" मनस्विनी म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, आणि रागाखाली रडूही होतं. कपाळावर पिवळा पट्टा तसाच.

प्रांजलीनं ब्लेड काडेपेटीत घालून ओढणीला गाठ मारली. तिनं आईचा दंड धरला आणि दोघी बाहेर पडल्या.

बाहेर जालना रोडवर ऊन तापलेलं, हॉर्न, धूळ. दोघी रिक्षात बसल्या. आक्काबाई पिवळे तळवे मांडीवर उताणे ठेवून बसली होती, कुठं पुसावेत ते न कळून.

"माय, चिमूट टाकायची सोडून मूठभर कशाला टाकला?"

"मोठ्या घरी चालली व्हती. चिमटीनं काय व्हतंय?"

"आन् नसताच टाकला तर?"

"तर काय. फाडली नसतीस व्हय तू?"

हॉलातली ती उलटी बॅग प्रांजलीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. तळाला केवढी चीर. तो तळ आता सरळ शिवून चालणार नव्हता, दोन्ही कडांना पट्टी लावली तरी सुई ओरखडणारच. लोकरीनं गुंफला तर? बाहेरून, दिसेल असा?

"ओ बाजी," रिक्षावाला आरशातून बघत ओरडला, "क्या कर रे? सीट फाडते क्या मेरी?"

प्रांजलीनं खाली बघितलं. तिच्या बोटांनी सीटच्या फाटक्या रेक्झिनची कड वीतभर सोलून काढली होती. आत जुनं, विटक्या हिरव्या रंगाचं दुसरं रेक्झिन होतं, जाड आणि नक्षीचं.

"फाडत नाय, भैया, बघती," ती म्हणाली आणि बोट आणखी आत घातलं. "ये अंदरवाला कब का है? निकालोगे ना, तो फेकना नको. मेरे कू देना."